रशियन युद्धकादंबऱ्या वाचताना 'आपला' हा शब्द शोधा

टॉलस्टॉयची वॉर अँड पीस घेतली आणि शंभर पानांत सोडली असं सांगणारे खूप जण भेटतात, आणि दोन कारणं नेहमीची, एक तर नावं डोक्यात बसत नाहीत आणि दुसरं म्हणजे हिरो कोण तेच कळत नाही. नावांचं सोप्पं आहे, एक कागद पुस्तकात ठेवा आणि प्रत्येकाचं स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव आणि लाडाचं नाव एका ओळीत लिहा, म्हणजे प्योत्र किरिलोविच बेझुखोव आणि पिअर हा एकच माणूस आहे हे वीस पानं शोधत बसावं लागत नाही.

हिरोचं मात्र जरा सावकाश घ्यायला लागतं. आधी दोन सालं पक्की करा, १८०५ आणि १८१२. १८०५ ची लढाई परक्या जमिनीवर, ऑस्ट्रियात. तिथे प्रिन्स आंद्रे या रशियन ऑफिसरला नेपोलियनसारखं नाव कमवायचंय, त्यासाठी तो काहीही द्यायला तयार आहे. १८१२ मधे नेपोलियन रशियात घुसलेला असतो आणि हाच आंद्रे हेडक्वार्टरमधली जागा नाकारून रेजिमेंटसोबत राहतो. त्याचे सैनिक त्याला काय म्हणतात बघा, 'आपला प्रिन्स'. बास, इथे पेन्सिलने खूण करा. आपला, आपले, आमचे हे शब्द कोण कोणाबद्दल बोलतंय ते पुढे शोधत राहा, माझ्या मते अख्खी कादंबरी त्याने उघडते.

प्रॅक्टिससाठी १८०५ मधली शेंगराबेनची लढाई घ्या (पहिल्या खंडाचा दुसरा भाग). कॅप्टन तुशिन, लहानखुरा तोफखान्याचा ऑफिसर, पहिल्यांदा दिसतो तेव्हा पायात बूटसुद्धा नसतात. लढाईत तोंडात पाईप, एका तोफेला तो मनातल्या मनात मात्वेव्हना म्हणतो, बाईमाणसाचं नाव, आणि त्याच्या बॅटरीला, म्हणजे तोफांच्या तुकडीला, कव्हर द्यायला, म्हणजे तिचं रक्षण करायला, कोणी उरलेलं नसतं तरी तो तोफा चालवतच राहतो. संध्याकाळी जनरल बाग्रातिओन विचारतो, दोन तोफा मागे का टाकल्या? तुशिन कव्हर नव्हतं हे सांगत नाही, कारण दुसरा एखादा ऑफिसर अडचणीत येईल, नुसता गप्प उभा राहतो. शेवटी आंद्रे बोलतो की आजचं यश सगळ्यात जास्त या बॅटरीचं आहे. हे पान दोनदा वाचा, खरंच. शौर्य तोफेपाशी आहेच पण त्या गप्प राहण्यात त्याहून जास्त आहे.

मग नेपोलियनशी झालेली बोरोदिनोची लढाई, २६ ऑगस्ट १८१२, म्हणजे आजच्या कॅलेंडरने ७ सप्टेंबर. पिअर पांढरी हॅट घालून रायेव्स्कीच्या बॅटरीवर मधेच येऊन उभा राहतो, सैनिकांना आधी त्याचा राग येतो की हा कोण इथे, पण गोळे पडत असताना हा हलत नाही म्हटल्यावर ते त्याला 'आमचे साहेब' म्हणायला लागतात. राष्ट्र एक झालं असं टॉलस्टॉय इथे भाषणातून सांगत नाही, परक्या माणसाला घोळक्यात घेतलेलं दाखवतो.

पण तिथे थांबू नका, 'आपलं' मधून कोण बाहेर राहिलंय तेपण बघा. बोगुचारोवो या आंद्रेच्या गावचे शेतकरी त्याच्या बहिणीला, प्रिन्सेस मार्याला, गाव सोडू देत नाहीत, ते भूदास आहेत, म्हणजे जमीनदाराच्या मालकीची माणसं, मालकाच्या लढाईशी त्यांचं काय देणंघेणं? रशियात भूदासपणा १८६१ मधे संपला आणि ही कादंबरी त्यानंतर लगेचच्या वर्षांत लिहिलेली आहे, हे डोक्यात ठेवून तो प्रसंग वाचा, मग निकोलाय रोस्तोव हा तरुण ऑफिसर येऊन त्यांना पटकन गप्प करतो ते तितकं साधं वाटत नाही. गोगोलची तारास बुल्बा पण अशीच वाचायची, १८३५ ची पहिली आवृत्ती आणि १८४२ ची वाढवलेली, दुसरीत कोसॅकांच्या (युक्रेनच्या गवताळ प्रदेशातले लढवय्ये) तोंडी रशियाचं नाव जास्त येतं. 'आपला' कोण हे लेखकानेच मधल्या काळात बदललं.

यानंतर वासिली ग्रोसमनची लाइफ अँड फेट घ्या, आधी नको. ग्रोसमन दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडच्या लढाईत वार्ताहर होता. त्यात घर नंबर ६/१ आहे, जर्मनांनी घेरलेलं, आत ग्रेकोव आणि त्याची माणसं एकमेकांशी मोकळेपणाने बोलतात, मनात येईल ते, आणि लढतात. वरून क्रिमोव नावाच्या कमिसारला, म्हणजे सैन्यात पक्षाचा माणूस असलेल्या अधिकाऱ्याला, तिथे शिस्त लावायला पाठवतात. एकजूट खालून आलेली आणि एकजूट वरून लादलेली, दोन्ही एकाच खोलीत समोरासमोर येतात, तुशिन आणि बाग्रातिओनचं पान आठवत असेल तर इथे जास्त लागतं. हे प्रकरण झाल्यावरच पुस्तकाचा इतिहास वाचा: १९६१ मधे केजीबीने, म्हणजे सोव्हिएत गुप्तचर पोलिसांनी, हस्तलिखित जप्त केलं, कार्बन पेपर आणि टाइपरायटरच्या रिबिनीसुद्धा नेल्या, ग्रोसमन १९६४ मधे गेला आणि पुस्तक १९८० मधे स्वित्झर्लंडला छापलं गेलं.