गंधक पेरणीच्या दिवशी नको, महिनाभर आधी

गंधकाची पोती आणून ठेवली असतील तर ती आताच उघडा. पेरणीबरोबर टाकलेलं पिवळं गंधक रोपाला सुरुवातीला जवळजवळ मिळतच नाही. मुळं घेतात ते सल्फेट, म्हणजे गंधकाचं पाण्यात विरघळणारं रूप, आणि पोत्यातलं गंधक तर पाण्यात विरघळतही नाही. त्याचं सल्फेट करतात जमिनीतले जिवाणू, मुख्यतः थायोबॅसिलस गटातले. गंधक ‘जाळून’ ते स्वतःसाठी ऊर्जा मिळवतात. पिकाच्या वाट्याला येतं ते त्यांचं उरलंसुरलं.

या कामाला ऊब, ओल आणि हवा तिन्ही लागतात. जमीन वाफशावर (ओलसर, पण चिखल नसलेली) आणि तापमान २५ ते ४० अंश सेल्सिअस असेल तर काम झपाट्यानं होतं, १० अंशांखाली ते जवळपास थांबतं. म्हणून थंडीच्या हंगामासाठी आणखी लवकर टाका. जिवाणू कणाच्या फक्त पृष्ठभागावर काम करतात, त्यामुळे भुकटी जितकी बारीक तितकी बरी. ती पसरून कुळवाची पाळी घाला, म्हणजे मातीत मिसळेल. बेंटोनाइट सल्फरचा (बेंटोनाइट मातीत मिसळलेल्या गंधकाचा) दाणा ओलीनं फुगून फुटतो; तो एका ओळीत दाबू नका, रानभर विखरा.

१ किलो गंधकापासून सुमारे ३ किलो सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. चुनखडीच्या जमिनीत हे फायद्याचं, आधीच आम्लधर्मी असलेल्या जमिनीत मात्र गंधक टाळा.

उशीर झालाच असेल तर जिप्सम किंवा अमोनियम सल्फेट द्या. त्यात सल्फेट तयारच असतं. हलक्या जमिनीत ते पाण्याबरोबर खाली वाहून जातं, तिथे अमोनियम सल्फेटचे हप्ते करा. कोवळी पानं आधी पिवळी पडली तर गंधकाची कमतरता असू शकते. नत्र कमी असेल तर पिवळेपणा जुन्या पानांपासून सुरू होतो.

भातखाचरात गोष्ट उलटी. पाणी साचून हवा संपली की डेसल्फोव्हिब्रिओसारखे जिवाणू सल्फेटचं हायड्रोजन सल्फाइड हा मुळांना विषारी वायू करतात. चिखलाला सडक्या अंड्यांचा वास येतो, मुळं काळी पडतात. रोपं खुरटलेली पाहून खत कमी पडलं असं वाटतं आणि अमोनियम सल्फेट टाकलं जातं. हे म्हणजे त्याच जिवाणूंना पंगत वाढणं! आधी पाणी काढा, बारीक भेगा पडेपर्यंत जमीन सुकू द्या, मग एखादं रोप उपटून पाहा. नवी पांढरी मुळं दिसली की पुन्हा पाणी भरा.