मूल बंद करायच्या ऑपरेशननंतर पाळीत अंगावरून जास्त जातंय? आधी भिंतीवरचं कालनिर्णय काढा

लालबागच्या आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या एका टोकाला आणि माझी खोली दुसऱ्या टोकाला. दोन वर्षांपूर्वी पाळीच्या दुसऱ्या रात्री मी ती गॅलरी तीन-तीनदा तुडवायचे. एका हातात बादली, दुसऱ्या हातात मोबाइलचा उजेड, पॅड गाऊनच्या खिशात. पहाटे पाचला पोळी-भाजी केंद्रात तव्यासमोर उभं राहायचं. दोनशे पोळ्या लाटून होईपर्यंत ओटीपोटातून मांड्यांपर्यंत कळा उतरायच्या. ओट्याला रेलून मी दम घ्यायचे आणि पुन्हा लाटणं हातात घ्यायचे.

मोठ्या जाऊबाई म्हणायच्या, "अगं, मूल बंद करायचं ऑपरेशन झालं की असंच होतं. मलाही जायचं. चाळिशी उलटली की थांबतं." मी तीन वर्षं त्यावर विश्वास ठेवून काढली. तुम्ही काढू नका, म्हणून हे लिहिते आहे.

आधी ऑपरेशनचं नीट समजून घ्या. त्यात फक्त नळ्या बंद करतात, रिंग टाकून नाहीतर बांधून-कापून. पाळी येते ती गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरातून, आणि त्या अस्तराला हुकूम सोडतात अंडाशयं. पिशवी आणि अंडाशयं दोन्ही जागच्या जागी असतात. माझी मुलगी नर्सिंग शिकते. तिने मला 2000 साली छापून आलेला अमेरिकेतला एक मोठा अभ्यास वाचून दाखवला. ऑपरेशन झालेल्या बायका आणि ज्यांच्या नवऱ्यांनी नसबंदी करून घेतली त्यांच्या बायका, अशा दोघींच्या पाळीची तुलना त्यात केली होती. ऑपरेशनवाल्यांचा रक्तस्राव किंवा दुखणं वाढलेलं दिसलं नाही. थोड्या जणींची पाळी मागेपुढे व्हायला लागली, एवढंच.

मग माझ्या अंगावरून एवढं का जात होतं? पहिलं कारण साधं निघालं. दुसऱ्या बाळंतपणानंतर चार वर्षं मी माला-डी घेत होते. गोळ्यांवर पाळी हलकी येते, दुखतही कमी. तिसाव्या वर्षी दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, गोळ्या सुटल्या आणि माझी मूळची पाळी परत आली. ती गोळ्यांच्या पाळीपेक्षा जास्त होती, म्हणून मला वाटलं ऑपरेशननेच केलं. पण सदतिसाव्या वर्षापासून जे सुरू झालं ते वेगळं होतं, आणि तिथे मी चुकले. ऑपरेशनमुळे होत नाही याचा अर्थ काहीच झालेलं नाही असा होत नाही. पस्तिशी-चाळिशीत पिशवीत गाठी होतात, अस्तर पिशवीच्या भिंतीत शिरतं, कोंबासारखा पॉलिप वाढतो, थायरॉइड बिघडतं. ऑपरेशन आणि हे सगळं एकाच वयात येतं, म्हणून बोट ऑपरेशनकडे जातं.

आता कालनिर्णय. डॉक्टरांसमोर बसून "खूप जातं हो" म्हटलं की त्यांना काही कळत नाही, कारण खूप म्हणजे किती हे प्रत्येकीचं वेगळं. मी दोन महिने कालनिर्णयच्या चौकोनात खुणा केल्या. पूर्ण भिजलेल्या प्रत्येक पॅडला एक ठिपका. रक्ताची गाठ पडली तर गोल, आणि ती पाच-दहा रुपयांच्या नाण्याएवढी किंवा मोठी असेल तर गोल रंगवायचा. दुखण्याला दहापैकी आकडा. रात्री पॅडसाठी उठावं लागलं तर चांदणी. कामाला खाडा झाला तर फुली. दुसऱ्या दिवशी माझे अकरा ठिपके, तीन रंगवलेले गोल आणि दोन चांदण्या होत्या. ते पान फाडून मी नेलं आणि डॉक्टरबाईंनी ते दोनदा वाचलं. त्याआधी एका खासगी दवाखान्यात मला पाच मिनिटांत, सोनोग्राफीही न करता, "पिशवी काढून टाका" सांगितलं होतं.

पाळी सात दिवसांवर जात असेल, पॅड आणि कापड दोन्ही लावावं लागत असेल, रात्री उठावं लागत असेल किंवा नाण्याएवढ्या गाठी पडत असतील, तर ती जास्तच आहे. मोजायला बसलात की पहिल्याच महिन्यात कळेल.

कुठे जायचं? मुंबईत पालिकेच्या केईएम, नायर, सायन या रुग्णालयांत स्त्रीरोग ओपीडी आहे. सीएसएमटीजवळ सरकारचं कामा रुग्णालय आहे. वस्तीजवळ पालिकेचा 'आपला दवाखाना' असेल तर सुरुवात तिथून करा आणि पुढची चिठ्ठी मागा. ओपीडीला लवकर पोहोचा, डबा न्या, शेवटच्या पाळीची तारीख कागदावर लिहून ठेवा. ऑपरेशनचं कार्ड जवळ असेल तर ते, आणि रोजच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत टाका. मला सीबीसी म्हणजे हिमोग्लोबिन कळणारी रक्ततपासणी, थायरॉइडची टीएसएच, लघवीची गर्भतपासणी आणि सोनोग्राफी सांगितली. शक्य असेल तिथे सोनोग्राफी आतून, म्हणजे योनीमार्गातून करतात, त्यात चित्र स्पष्ट दिसतं. अवघड वाटलं तर आधी सांगा, थांबवायलाही सांगता येतं. पंचेचाळिशीच्या पुढे अस्तराचा छोटा तुकडा तपासायला घेतात. तो नाकारू नका.

माझ्या रिपोर्टवर 'बल्की युटेरस' लिहिलेलं होतं. ते वाचून मी जिना उतरताना रडले. त्याचा अर्थ एवढाच की पिशवी फुगलेली आहे. माझ्या बाबतीत अस्तर पिशवीच्या भिंतीत शिरलं होतं, ॲडिनोमायोसिस म्हणतात त्याला. हिमोग्लोबिन होतं 8.2. बाईचं 12 च्या खाली गेलं की पंडुरोग धरतात. चाळीचे तीन जिने चढताना माझी छाती धडधडायची, आणि मी ते वयावर ढकलत होते.

आता त्या चार दिवसांचं. मला दोन गोळ्या लिहून दिल्या. मेफेनॅमिक ॲसिड कळांसाठी, आणि तिने रक्तस्रावही थोडा कमी होतो. ती कळ असह्य होईपर्यंत थांबून घ्यायची नाही. पाळीची चाहूल लागली की जेवून लगेच सुरू करायची, म्हणजे पुढची कळ मुळात वाढत नाही. मी पूर्वी दुपारपर्यंत सहन करून मग घ्यायचे आणि म्हणायचे, गोळी लागत नाही. पित्ताचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, दमा असेल तर ही घेऊ नका, डॉक्टरांना सांगा. दुसरी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, फक्त जास्त जाणाऱ्या दिवसांत, चार-पाच दिवस. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी पूर्वी झालेली असेल तर ती चालत नाही. शेजारणीच्या पाकिटातून म्हणूनच घेऊ नका. आणि पाळीत डोकं दुखलं म्हणून डिस्प्रिन नको, ॲस्पिरिनने रक्त पातळ होतं.

शेक फार कामाचा आहे. रबरी पिशवी नसेल तर स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून टॉवेलमध्ये गुंडाळते, आणि ओटीपोटावर पंधरा-वीस मिनिटं धरते. केंद्रात मालकीणबाईंना सरळ सांगितलं की दोन दिवस मी उंच स्टुलावर बसून लाटेन. त्यांनी दुसऱ्याच दिवशी स्टूल आणवलं. इतकी वर्षं मी मागितलंच नव्हतं.

लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहाबरोबर घेऊ नका, चहा दोन तास मागे-पुढे ठेवा. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौचाला काळं होतं, घाबरू नका. अळीव, पालेभाजी, गूळ सगळं खाल्लं तरी 8 पर्यंत उतरलेलं हिमोग्लोबिन नुसत्या खाण्याने वर येत नाही, गोळी हवीच. मला बारापर्यंत यायला पाच महिने लागले.

गोळ्यांनी माझं निम्मं कमी झालं, पण कळा राहिल्या. मग डॉक्टरबाईंनी मिरेना ही हार्मोनची तांबी सुचवली. मी म्हटलं, ऑपरेशन झालंय, मला तांबी कशाला? हा प्रश्न तुम्हालाही पडेल. साध्या तांबीने पाळी उलट वाढते. या तांबीत तांबं नसतं, थोडं थोडं हार्मोन पिशवीतच सुटतं आणि अस्तर पातळ राहतं. मूल होऊ नये म्हणून ती मला बसवलेली नाही, अस्तरासाठी बसवली आहे. बसवताना दोन-तीन जोरदार कळा आल्या. नंतर चार महिने रोज डाग लागायचे. तिथे बऱ्याच जणी कंटाळून काढून टाकतात. सहा महिने तरी धीर धरा. खासगीत ती महाग पडते, म्हणून आधी पालिकेच्या रुग्णालयात विचारा.

पिशवी काढण्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. काही बायकांना ते ऑपरेशन खरंच लागतं, आणि त्यांनी ते निर्धास्त करावं. पण 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. सोनोग्राफी, रक्त, गोळ्या हे काहीही न करता कुणी पहिल्याच भेटीत काढायला सांगत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. अंडाशयंही काढणार का, हे स्पष्ट विचारा. तीही गेली तर रजोनिवृत्ती एकदम येते, अंगातून वाफा येतात, हाडं लवकर ठिसूळ होतात.

काही वेळा मात्र ओपीडीच्या वाराची वाट पाहायची नाही. तासाला एक पॅड पूर्ण भिजतोय आणि दोन-तीन तास तसंच चाललंय, चक्कर येतेय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर थेट कॅज्युअल्टी. आणि पाळी चुकली, एका बाजूला जोरात दुखतंय, खांद्यात कळ जातेय, तर ऑपरेशन झालंय म्हणून गप्प बसू नका. नळी बांधलेली असूनही क्वचित गर्भ राहतो, आणि राहिला तर नळीतच राहण्याची भीती जास्त असते. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो, जिवावर बेततं. 108 लावा आणि ऑपरेशन झाल्याचं पहिल्या वाक्यात सांगा. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा.

जाऊबाई आता बावन्नच्या. त्यांची पाळी जाऊन दीड वर्ष झालं होतं, मागच्या महिन्यात परत डाग दिसला. त्या म्हणाल्या, "जुनंच आहे." मी ऐकलं नाही. पाळी गेल्यावर वर्षाने आलेलं रक्त तपासायचंच असतं. मंगळवारी केंद्रातून सुट्टी घेतली आहे, सकाळी सातला आम्ही दोघी निघतोय. त्यांच्या तारखा मी कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून घेतल्या आहेत.