वर्गात शैक्षणिक साहित्य वापरताय? या चुका टाळा

साहित्य हाताशी आहे म्हणून वापरायचं, इथूनच गडबड सुरू होते. मुलं नेमकी कुठे अडतात ते आधी पाहा. अपूर्णांकांची बेरीज डोक्यात शिरत नसेल तर कागदाच्या घड्या पुरतात. त्यासाठी अ‍ॅनिमेशन शोधत बसायची गरज नाही.

स्लाइड वाचून दाखवणं
पडद्यावर परिच्छेद आणि शिक्षक तोच मोठ्याने वाचतायत. मुलं डोळ्यांनी पुढे पळतात, कानांनी मागे राहतात. धड वाचन नाही, धड ऐकणं नाही. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतही चित्र आणि निवेदनाच्या जोडीला तेच शब्द पडद्यावर आले तेव्हा विद्यार्थ्यांचं आकलन कमी पडलं. आकृती ठेवा, नावं तिच्या भागांशेजारीच लिहा, बाकीचं बोला. नवी भाषा शिकणाऱ्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या मुलांना मात्र मजकूर लागतोच.

तक्ता खरा वाटू देणं
सूर्यमालेच्या तक्त्यावर सगळे ग्रह खेटून उभे असतात आणि मुलांच्या मनात तेच चित्र बसतं. पृथ्वी 1 सेंटिमीटरचा मणी मानली तर सूर्य सुमारे 109 सेंटिमीटरचा होतो आणि तो जवळपास 117 मीटर लांब ठेवावा लागतो. मैदानावर हे अंतर चालायला लावा, मग वर्गात विचारा, ‘तक्त्यात काय चुकलंय?’ माझ्या मते तक्त्याचा खरा उपयोग इथे सुरू होतो.

व्हिडिओ सलग लावणं
मध्येच थांबवा, पुढे काय होईल ते वहीत लिहायला सांगा, मग चालू करा.

ऐनवेळची अडचण
विंडोज लॅपटॉप जोडूनही पडदा कोराच? विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. चित्र आलं पण आवाज गायब, तर एचडीएमआय केबलमुळे तो बहुधा प्रोजेक्टरकडे गेलाय. आवाजाच्या सेटिंगमध्ये स्पीकर बदला. अक्षरं वाचता येतात का, हे शेवटच्या बाकावर बसूनच तपासा.

‘वाचलेलं 10 टक्के, पाहिलेलं 30 टक्के लक्षात राहतं’ यावर विसंबणं
हे आकडे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावावर खपवले जातात. त्यांच्या 1946 च्या अनुभवशंकूत, म्हणजे शिकण्याच्या अनुभवांचे प्रकार दाखवणाऱ्या शंकूच्या आकृतीत, टक्केवारी नव्हतीच.

पडदा चालूच ठेवणं
चर्चा सुरू झाली तरी नजरा पडद्यावरच खिळतात. पॉवरपॉइंटचा स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवरचं बी दाबा, पडदा काळा होतो. पुन्हा दाबलं की स्लाइड परत.