वर्गात ऑटिस्टिक मूल आहे? प्रेमापोटी होणाऱ्या या चुका टाळा

जुलै महिना, आणि आमच्या शाळेतला पत्र्याचा वर्ग. कोल्हापूरचा पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की मला माझाच आवाज ऐकू येत नाही. त्या दिवशी सहावीतला एक मुलगा दोन्ही कान घट्ट दाबून बाकाखाली जाऊन बसला. शेजारच्यानं ‘ए, ऊठ की’ म्हणत शर्ट ओढला, तर यानं त्याच्या मनगटाला चावा घेतला. मी काय केलं? दंडाला धरून त्याला बाहेर काढलं आणि अख्ख्या वर्गासमोर ‘सॉरी म्हण’ म्हणून उभं केलं. तो म्हणाला नाही. मग किंचाळायला लागला. पुढच्या पंचवीस मिनिटांचं वर्णन करत नाही; शिपाई मामांना बोलवावं लागलं, एवढं पुरे.

मुलगा ऑटिस्टिक आहे, म्हणजे त्याच्या मेंदूची घडणच वेगळी आहे, हे मला माहीत होतं. कागद ऑफिसात होते, आई जूनमध्येच भेटून गेली होती. तरी चुकले. शाळेत या मुलांना छळणारे असतात, नाही असं नाही. पण मी पाहिलेले बरेचसे घोळ चांगल्या मनाच्या माणसांनीच घातलेले होते, माझ्यासकट. म्हणून हे लिहितेय.

आधी शब्दाचं सांगते. ‘स्वमग्न’ हा मराठी शब्द आता रुळलाय, पण ऐकणाऱ्याला वाटतं की हे मूल आपल्याच नादात, त्याला बाहेरचं काही जाणवत नाही. मला भेटलेल्या मुलांना उलट फार जाणवतं: पंख्याची घरघर, ट्यूबलाइटची फडफड, तिसऱ्या बाकावरच्या डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास, सगळं एकाच वेळी. म्हणून मी ऑटिस्टिक म्हणते. घरच्यांना आणि मुलाला कुठला शब्द चालतो ते विचारावं आणि तो वापरावा.

चावा दिसतो, पाऊस दिसत नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आपण घडलेला प्रकार बघतो, त्याच्या आधीची दहा मिनिटं बघत नाही. मग निकाल ठरलेला: ‘नाटक करतोय’, नाहीतर ‘आईनं लाडावून ठेवलाय’.

हट्ट आणि हे यातला फरक जवळून पाहिला की कळतो. हट्ट करणारं पोर रडता रडता बोटांच्या फटीतून बघतं, बाई बघतात का म्हणून. मागितलेलं मिळालं की गप्प होतं. ऑटिस्टिक मुलाचा ताण फुटतो तेव्हा त्याला कुणाकडून काही मिळवायचं नसतं. तुम्ही काहीही देऊ केलंत तरी ते थांबत नाही, कारण थांबवणं त्या क्षणी त्याच्या हातात नसतं. अशा वेळी समजावणं, जवळ घेणं, दटावणं ही तिन्ही आगीत तेल. बाकीच्या मुलांना बाहेर न्या, पंखा-दिवा बंद करा, तुम्ही दोन हात लांब बसा आणि बोलू नका. सॉरीचं उद्या बघता येतं. ज्याला चावलं त्याच्या मनगटाकडं मात्र लगेच बघा, त्याच्या घरी स्वतः फोन करा. तो राहून गेला की पुढची भांडणं तिथूनच सुरू होतात.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या विशेष शिक्षिका आमच्याकडं येतात. त्यांनी मला साधी शंभर पानी वही करायला सांगितली. तीन रकाने: आधी काय चाललं होतं, काय झालं, मग आपण काय केलं. तिसरा रकाना भरताना लाज वाटते, म्हणून तोच महत्त्वाचा. तीन आठवड्यांत बहुतेक नोंदी दोनच कारणांपाशी गोळा झाल्या. एक, जोराचा पाऊस. दुसरं, सर रजेवर असल्यामुळं ऐन वेळी बदललेला तास.

पावसाचा बंदोबस्त असा झाला. आमचा वर्ग पावसाळ्यापुरता खालच्या स्लॅबच्या खोलीत हलवला. मुख्याध्यापकांनी दोन दिवस कुरकुर केली, मग पत्र्याची खोली चित्रकलेला दिली. त्या मुलाचे काका शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत. तिथं कामगार कानांवर घालतात तसले मफ त्यांनी आणून दिले. पहिला आठवडाभर पोरांनी ते आळीपाळीनं घालून बघितले आणि नंतर कुणाचं लक्षही गेलं नाही. तासाच्या बदलासाठी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखली, ‘आज बदल’. सकाळी हजेरीच्या आधी मी ती भरते. बदल नसेल तरी ‘बदल नाही’ असं लिहिते. कोरी चौकट त्याला चालत नाही.

आपलं कोल्हापुरी बोलणं

आपल्याकडं माया सरळ बोलून दाखवायची रीत नाही. ‘काय रे येड्या’ म्हटल्याशिवाय दोस्ती पक्की होत नाही. एका मधल्या सुट्टीत हा मुलगा माझ्याकडं येऊन अगदी शांतपणे म्हणाला, ‘बाई, मी येडा आहे का? सगळे म्हणतात.’ म्हणणाऱ्यांत त्याचे सगळ्यात जवळचे दोघं होते.

दुसरा प्रसंग एका सरांचा. ते रागानं म्हणाले, ‘थांब, दाखवतोच तुला!’ मुलगा थांबला. थोड्या वेळानं म्हणाला, ‘काय दाखवणार?’ सरांना ते उलट उत्तर वाटलं, प्रकरण ऑफिसात गेलं. पोरगं खरंच वाट बघत होतं.

म्हणून वाकडं बोलू नका असं मी म्हणणार नाही, कोल्हापुरात ते जमायचंही नाही. फक्त सूचना द्यायची असेल तेव्हा ती सरळ द्या. ‘जरा नीट बस की’ यात ‘नीट’ म्हणजे काय हे त्याला कळत नाही. ‘वही मीट. फळ्याकडं वळ.’ हे कळतं. एक सूचना दिली की मनात दहा अंक मोजा आणि मगच पुन्हा बोला. आपण दुसऱ्याच सेकंदाला तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगतो आणि त्याच्या डोक्यातली पहिली जुळणी मोडून टाकतो. ‘पाच मिनिटांत येते’ असं सांगाल तर पाच मिनिटांतच या. सहाव्या मिनिटाला जे होईल त्याला तुम्ही जबाबदार.

आणि ‘माझ्या डोळ्यांत बघून बोल’ हे सोडून द्या. कित्येक ऑटिस्टिक मुलांना डोळ्यांत बघायचं आणि ऐकायचं ही दोन कामं एकदम जमत नाहीत. खिडकीकडं बघत असलेला मुलगा तुमचं शब्दन् शब्द ऐकत असतो. प्रश्न विचारून बघा.

बोलता न येणाऱ्या मुलाला चित्रांची कार्डं किंवा टॅब दिला की ते बोलायचंच विसरेल, ही भीती आई-वडिलांइतकीच शिक्षकांनाही असते. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. सांगता यायला लागलं की मुलाची चिडचिड कमी होते, आणि काहींचं बोलणं उलट वाढतं.

हुशार मुलीच्या गळ्यात जबाबदारी

ही युक्ती प्रत्येक शाळेला सुचते. वर्गातली समंजस, नीटनेटकी मुलगी निवडायची आणि ‘तू याच्याकडं बघ हं’ म्हणायचं. तिला छान वाटतं, आपण सुटतो. दिवाळीपर्यंत ती मुलगी मधल्या सुट्टीत खेळायची थांबलेली असते आणि तो मुलगा तिची छोटी जहागीर झालेला असतो. कुठलाही मित्र नसलेली दोन मुलं आपण तयार करतो. त्यापेक्षा काम आळीपाळीनं वाटा आणि त्यालाही काम द्या: खडू आणणं, फळ्यावर तारीख लिहिणं, पाण्याच्या बाटल्या मोजणं. फुटबॉल हा इथला धर्म, पण ऑटिस्टिक मुलाला मैदानात ढकलायलाच हवं असं नाही. आमचा हा पठ्ठ्या गोल आणि वेळ वहीत लिहून ठेवायचा, आणि वाद झाला की पोरं त्याच्याकडं धावायची.

अशा निवडीत आणखी एक घोटाळा होतो. ती गप्प, नीटनेटकी मुलगी स्वतःच ऑटिस्टिक असू शकते. मुली दुसऱ्यांचं बघून तसं वागणं लवकर उचलतात आणि शाळेत दिवसभर ते ओढून नेतात. घरी गेल्यावर दप्तर फेकून तासभर रडतात. ‘शाळेत तर एकदम गुणी आहे हो’ हे वाक्य पालकांना ऐकवण्याआधी घरी काय होतं ते विचारा.

२ एप्रिलचा दणका

संयुक्त राष्ट्रांनी २००७ मध्ये ठराव केला आणि २००८ पासून २ एप्रिल हा जागतिक ऑटिझम दिवस झाला. एका वर्षी एका शाळेनं निळे टी-शर्ट, निळे फुगे आणि पुढं हलगी अशी रॅली काढली. ज्यांच्यासाठी काढली त्यातला एक मुलगा हलगी सुरू होताच आईच्या ओढणीत डोकं घालून बसला, दुसरा त्या दिवशी आलाच नाही. निळा रंग आणि कोड्याचा (जिगसॉ) तुकडा ही ऑटिझमसाठी वापरली जाणारी चिन्हं खुद्द अनेक ऑटिस्टिक प्रौढांना आवडत नाहीत. आडव्या आठसारखं अनंताचं चिन्ह ते पसंत करतात. हे त्यांना कुणी विचारलेलं नसतं, हा खरा मुद्दा.

वर पाहुण्यांनी भाषणात ठोकून दिलं की हे लसीमुळं होतं. तो दावा करणारा लेख १९९८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता आणि २०१० मध्ये त्याच नियतकालिकानं तो मागे घेतला. नंतरच्या मोठमोठ्या पाहण्यांत लसीशी संबंध सापडला नाही. आईची माया कमी पडल्यामुळंही ऑटिझम होत नाही. मेंदूची घडणच वेगळी असते आणि त्यात अनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. पाहुणे बोलवायचेच असतील तर आधी त्यांच्याशी बोलून घ्या.

वर्गाला सांगायचं कसं? मुलाला समोर उभं करून ‘हा वेगळा आहे, त्याला समजून घ्या’ हे कधीही नको. घरच्यांची परवानगी नसताना तर नावही नको. मी पोरांना विचारलं, तुम्हाला कुठला आवाज सहन होत नाही? फळ्यावर नख, मिक्सर, डॉल्बी, भांडणारे शेजारी... यादी लांबत गेली. मग त्यानंच हात वर करून सांगितलं, ‘मला पत्रा.’ त्यापलीकडं मला काही समजवावं लागलं नाही.

‘याला काय खास येतं?’

हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो. सगळ्यांना वाटतं प्रत्येक ऑटिस्टिक मूल म्हणजे गणिती चमत्कार. तसं नसतं. आवड मात्र खोल असते. आमच्या या मुलाला पंचगंगेच्या पाणीपातळीचं वेड. राजाराम बंधाऱ्यापाशी इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, आणि आज सकाळी किती, हे तो अंथरुणातून उठल्या उठल्या बघतो. मी त्याला परिपाठात रोजची पातळी वाचायला दिली. ज्या गावानं २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलाय तिथं ही माहिती काही चेष्टेची नव्हे. पोरं गप्प होऊन ऐकायची. छान चाललं होतं. मग कुणीतरी पाहुण्यांसमोर त्याला उभं करून ‘२०१९ ला किती होती सांग बरं’ सुरू केलं. चौथ्या पाहुण्याला त्यानं पाठ दाखवली आणि परिपाठही बंद केला. पुन्हा सुरू व्हायला दीड महिना लागला, तोही लिहून नोटीस बोर्डावर. बोलणार नाही म्हणाला. ठीक आहे.

पालकांचा ग्रुप आणि कागदपत्रं

चाव्याच्या दिवशी रात्री वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलंच: ‘अशा मुलांना वेगळी शाळा असते ना?’ इथं दोन चुका होतात. मुख्याध्यापक गप्प बसतात, किंवा सहानुभूती मिळावी म्हणून मुलाचं निदान ग्रुपवर टाकतात. दुसरी चूक जास्त वाईट. उत्तर दोन ओळींचं पुरतं: घटना शाळेला माहीत आहे, उपाय सुरू आहे, कुठल्याही मुलाची माहिती ग्रुपवर चर्चेला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये ज्या २१ प्रकारांची यादी आहे तिच्यात ऑटिझम आहे, आणि मान्यताप्राप्त शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा हेही त्यात आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. त्याच गावात आज पालक मुलाचा हात धरून दारात उभे असतात आणि शाळा म्हणते, आमच्याकडं सोय नाही. दंड कुणाला लावायचा?

कागदांचं थोडक्यात. दहावीच्या सवलतींची आठवण दहावीच्या जानेवारीत येते, तोवर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नसतं. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन करून सरकारी रुग्णालयात तपासणी होते, तिला वेळ जातो. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. लेखनिक, म्हणजे मूल सांगेल ते पेपरात लिहून देणारा, घेऊ शकणाऱ्यांसाठी केंद्राच्या २०१८ च्या सूचनांमध्ये दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ सांगितलाय. बोर्डाच्या सवलतींचा अर्ज शाळेमार्फत जातो. आठवीतच सुरुवात करा. लेखनिकाबरोबर पेपर सोडवायचा सराव लागतो. अनोळखी मुलगा शेजारी बसून लिहितोय, हेच काहींना सहन होत नाही.

१५ जूनची घाई

नवीन वर्ग, नवीन बाई, नवीन बाक, शेजारी नवा, सगळं एकाच सकाळी, आणि वर तुतारी-फुलं. पहिल्याच दिवशी मूल कोसळलं की वर्षभर ‘तो तसला’ हा शिक्का बसतो. आम्ही आता शाळा उघडण्याच्या दोन-तीन दिवस आधी त्याला रिकाम्या शाळेत बोलावतो. बाक दाखवतो, मुतारीच्या दाराची कडी लावून-काढून बघतो, नळ कुठला येतो ते बघतो. आई मोबाईलवर फोटो काढते आणि घरी रोज एकदा दाखवते.

गेल्या जूनमध्ये तो घंटेपाशी थांबला. शिपाई मामांनी टोला त्याच्या हातात दिला. त्यानं आधी मफ चढवले, घड्याळाकडं बघितलं, अकरा वाजायची वाट पाहिली आणि बरोबर अकराला एक ठोका दिला. मग मफ काढून दुसरा.