रंगीत चित्राआधी वहीचं अर्धं पान: प्रोजेक्टसाठी कोणतं अ‍ॅनालिसिस करायचं?

आमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सगळ्यात देखणं पान म्हणजे वरच्या प्लेटच्या फॉन मिसेस स्ट्रेसचं, कुठे किती ताण येतो ते रंगांत दाखवणारं. निळं, हिरवं, कोपऱ्यात लालभडक. त्या एका पानावर आमचे तीन आठवडे गेले. डेमोच्या काही दिवस आधी आमच्या सिझर लिफ्टवर (कात्रीसारखे फुलीत जोडलेले हात उघडमीट होऊन प्लेट वर-खाली नेणारं यंत्र) १०० किलो ठेवून बटण दाबलं, तर मोटर नुसती गुरगुरली. प्लेट तसूभर हलली नाही. तिला काही झालंही नाही म्हणा.

चूक सापडायला वहीचं अर्धं पान पुरलं. एका टप्प्याच्या सिझर लिफ्टमध्ये स्क्रू हातांचं खालचं सरकतं टोक आडवं ओढतो. घर्षण सोडलं तर त्याला लागणारं बल म्हणजे भार भागिले हाताच्या जमिनीशी असलेल्या कोनाचा टॅन. ४५ अंशांना हे १०० किलोसाठी ९८१ न्यूटन येतं. लिफ्ट खाली बसलेली, हात १० अंशांवर, की तेच ५,५६० न्यूटन. ५ अंशांवर गेलात तर भाराच्या अकरा पटींहून जास्त. आम्ही मोटर निवडली होती ४५ अंशांवर, कारण कॅडमध्ये मॉडेल त्याच स्थितीत उघडं ठेवलेलं असायचं. दुसरं काहीही कारण नव्हतं.

तेव्हापासून ज्युनिअर मुलं ‘कोणतं सॉफ्टवेअर शिकू?’ विचारत आली की मी आधी वही काढायला लावतो. बल मोटरपासून जमिनीपर्यंत कुठून कुठून जातं ते काढा: कपलिंग, स्क्रू, नट, सरकती पिन, हात, मधली पिन, फ्रेम. प्रत्येक थांब्यावर दोन गोष्टी लिहा. हा भाग दगा देईल तो कसा? आणि हिशोबाचं उत्तर वाईट आलं तर मी कोणतं माप बदलेन? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर ते अ‍ॅनालिसिस रिपोर्ट जाड करण्यापुरतंच. आमची प्लेट तशीच होती. जाडी आधीच ठरलेली, वर्कशॉपमध्ये पडून असलेल्या पत्र्याची.

पिनची गोष्ट मात्र सविस्तर सांगतो, कारण तिथे आम्ही हिशोब केला होता आणि तरी फसलो. सरकत्या टोकाला दोन बाजूंना १० मिमी व्यासाच्या दोन पिना. प्रत्येकीवर ५,५६० चा निम्मा वाटा, २,७८० न्यूटन, आणि शिअर स्ट्रेस (पिन आडवी कापली जाण्याचा ताण) ३५ मेगापास्कल. माइल्ड स्टीलसाठी हे काहीच नाही, म्हणून पुढे गेलो. मोठी गिअर मोटर लावली, लिफ्ट उचलली गेली, टाळ्या झाल्या आणि चौथ्या फेरीला हात तिरके चालायला लागले. उघडून पाहिलं तर पिना वाकलेल्या. असेंब्लीत हात फ्रेमला घासत होता, म्हणून आम्हीच मध्ये वॉशर घातले होते. त्यामुळे पिनच्या आधारापासून बलाची रेषा १४ मिमी बाहेर गेली आणि पिन एका टोकाला धरलेली तुळई झाली. फक्त आडवं बल धरलं तरी बेंडिंग स्ट्रेस येतो साधारण ३९५ मेगापास्कल, आणि माइल्ड स्टीलचा यील्ड, म्हणजे ज्या ताणानंतर ते कायमचं वाकतं तो, २५०च्या आसपास. फॉर्म्युला बरोबर होता, पण शिअरचा होता आणि पिन वाकत होती. ड्रॉइंगमध्ये ते वॉशर नव्हतेच, मग एफईए (फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिस, प्लेटचं रंगीत पान ज्यातून आलं ते) केलं असतं तरी ते आम्हाला काय सांगणार होतं?

एफईए वाईट नाही. भागाचा आकार हातच्या फॉर्म्युल्यात बसत नसेल, म्हणजे वाकडा ब्रॅकेट, भोकं पाडलेली प्लेट, तिथे ते लागतंच. पण आधी हाताने अंदाजे आकडा काढून ठेवा आणि सॉल्व्ह झाल्यावर आधारांवरच्या प्रतिक्रियांची बेरीज लावलेल्या भाराइतकी येते का, ते बघा. आमच्या प्लेटचा तो लाल कोपरा आतल्या बाजूचा अगदी धारदार कोपरा होता. अशा ठिकाणी मेश, म्हणजे हिशोबासाठी भागाचे पाडलेले तुकडे, जितका बारीक कराल तितका स्ट्रेस वाढतच जातो, थांबत नाही. व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यावर एवढंच विचारलं, ‘मेश निम्मा केल्यावर हा आकडा किती झाला?’ आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

काही तपासण्या एका ओळीत संपतात, त्या सोडू नका. मोटर बंद केल्यावर लिफ्ट आपोआप खाली येईल का? स्क्रूच्या लीड अँगलचा (आट्यांच्या चढाचा कोन) टॅन घर्षणांकापेक्षा कमी असेल तर येणार नाही. आमचा २० मिमीचा, ४ मिमी पिचचा ट्रॅपेझॉइडल स्क्रू: टॅन ०.०७, घर्षणांक ०.१५ धरलेला. झालं. हात झोल खातोय म्हणून कुणी भारीतलं स्टील सुचवलं तर थांबवा. इलास्टिक मोड्युलस (धातू किती ताठ आहे याचं माप) जवळपास सगळ्याच स्टीलचा २०० गिगापास्कलच्या आसपास असतो, त्यामुळे झोल तेवढाच राहील. पट्टीची उभी उंची दुप्पट करा, झोल आठवा हिस्सा होतो.

फटीग, म्हणजे पुन्हापुन्हा भार येऊन भाग तुटेल का याचा हिशोब, करायचं का, हा प्रश्न प्रत्येक ग्रुपला पडतो. फेऱ्या मोजा. दिवसाला २० वेळा वापरली जाणारी लिफ्ट वर्षात ७,३०० फेऱ्याच करते. उलट ६०० आरपीएमने फिरणाऱ्या शाफ्टवर बेंडिंग असेल तर प्रत्येक फेऱ्यात स्ट्रेस उलटतो. तासाला ३६,००० आवर्तनं, म्हणजे दहा लाखांचा टप्पा २८ तासांत पार. तिथे फटीगशिवाय पुढे जाऊ नका, आणि कीवेचा (शाफ्टमध्ये चावी बसवायला पाडलेल्या खाचेचा) कोपरा आधी बघा.

आम्ही शेवटी पिनांना दोन्ही बाजूंनी आधार दिला आणि हात २० अंशांखाली जाऊ नयेत म्हणून स्टॉपर लावला. बल २,७०० न्यूटनपर्यंत उतरलं. लिफ्टची खालची उंची वाढली, त्यावरून प्रोजेक्ट गाईड थोडे कुरकुरले. रिपोर्टमध्ये मी एक पान जास्तीचं जोडलं: कोणती अ‍ॅनालिसिस केली नाहीत आणि का. फटीगसमोर फेऱ्यांचा आकडा, कंपनांसमोर ‘स्क्रूचा वेग कमी’, उष्णतेसमोर ‘मोटर एका वेळी मिनिटभरच चालते’. परीक्षकांनी रंगीत पान उलटलं आणि बाकीचा सगळा वेळ या जास्तीच्या पानावर प्रश्न विचारले. कंपनांवर आम्ही अडकलो.