टर्मिनलमधून मेल वाचताय? मटमधल्या या चुका टाळा

मट हा टर्मिनलमध्ये चालणारा मेलचा प्रोग्राम. तो शिकणाऱ्यांची सुरुवात ठरलेली असते. नेटवरून कुणाची तरी तीनशे ओळींची मटआरसी (मटच्या सेटिंगांची फाइल) उतरवायची, तिच्यात आपला पत्ता घालायचा आणि दोन दिवसांनी ‘हे भलतंच वागतंय’ म्हणत जळगाव-भुसावळच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकायचा. त्यात लाल ओळी, खाली ‘अर्जंट’. घाई कसाले करस भो? पंधरा ओळींनी सुरुवात करा आणि जी ओळ स्वतःला समजावून सांगता येत नाही, ती फाइलीत ठेवू नका.

पुढं कळा आणि सेटिंगं देवनागरीत लिहिली आहेत. फाइलीत ती अर्थातच रोमन अक्षरांत जातात. निओमट (मटपासूनच निघालेला प्रोग्राम) वापरणाऱ्यांनाही यातलं जवळजवळ सगळं लागू आहे, एखाददुसऱ्या सेटिंगचं नाव तेवढं वेगळं निघेल.

मोठ्या डीला नुसता शब्द देणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून आधी.

रावेरकडच्या एका केळी एजंटाच्या ऑफिसात मेल सांभाळणाऱ्या मुलाला रोजच्या भावाच्या जुन्या मेल काढायच्या होत्या. त्यांच्या विषयात ‘रेट’ असायचं. त्यानं मोठा डी (जुळणाऱ्या सगळ्या मेल पुसण्याची कळ) दाबला, ‘रेट’ टाइप केलं, एंटर केलं. मग डॉलर. भावाच्या मेल गेल्या. त्यांच्यासोबत विषयात ‘क्रेट’ असलेली प्लास्टिक क्रेटची सगळी बिलंही गेली, आणि नावात ‘कॉर्पोरेट’ असलेल्या बँकेच्या शाखेकडून आलेली पत्रंसुद्धा. सर्व्हर स्वस्तातल्या होस्टिंगवरचा, बॅकअप नाही. बिलं पुरवठादारांकडून पुन्हा मागवावी लागली आणि हंगामात फोन उचलायला कुणाला वेळ असतो!

मटनं यात काहीच चुकीचं केलं नाही. टिल्ड (~) न लावता नुसता शब्द दिला, तर सिंपल_सर्च नावाचं सेटिंग त्याचं रूपांतर ‘पाठवणारा किंवा विषय’ असं करतं. शोध रेग्युलर एक्स्प्रेशनचा (अक्षरांच्या नमुन्याचा) असतो, म्हणजे शब्दाच्या पोटातला तुकडाही जुळतो. सगळी अक्षरं छोटी लिहिली तर छोट्या-मोठ्या लिपीचा भेदही राहत नाही. म्हणून ‘रेट’ला क्रेटही सापडतं आणि कॉर्पोरेटही.

तरीही एक दार शिल्लक असतं. डी दाबल्यावर मेलवर फक्त खूण होते. खरं पुसणं होतं ते डॉलर दाबल्यावर, क्यूनं बाहेर पडताना किंवा फोल्डर बदलताना. त्या वेळी मट किती मेल पुसणार तो आकडा दाखवून विचारतो. या मुलाच्या उसन्या मटआरसीत ‘सेट डिलीट=येस’ ही ओळ होती, त्यामुळे प्रश्नच आला नाही. ही ओळ तुमच्या फाइलीत असेल तर आत्ता काढा. मूळचं ‘आस्क-येस’ बरोबर आहे. आकडा वाचायला दोन सेकंद लागतात.

ढिगानं मेल काढायच्या असतील तर माझी रीत अशी. आधी एल दाबून यादी आवळायची: ‘टिल्ड-एस’ आणि पुढं अवतरणात ‘^रेट’, म्हणजे विषयाची सुरुवातच त्या शब्दानं हवी. दोन महिन्यांपेक्षा जुन्याच हव्या असतील तर सोबत ‘टिल्ड-डी >२एम’. यादी वरपासून खालपर्यंत डोळ्यांखालून घालायची. मग मोठा टी आणि ‘टिल्ड-मोठा ए’ देऊन दिसतं ते सगळं टॅग करायचं, सेमीकोलन (पुढची कळ टॅग केलेल्या सगळ्यांना लागू), डी. शेवटी एल आणि ‘ऑल’ देऊन पूर्ण यादी परत आणायची आणि खुणा पुन्हा बघायच्या. यात कळा जास्त लागतात हे मान्य. पण कळा वाचवण्याच्या नादात बिलं घालवण्यात कसली हुशारी?

चुकून भलत्याच मेलवर खूण झालीच, तर डॉलर दाबायच्या आत मोठा यू. किंवा सरळ एक्स दाबून बाहेर पडा, काहीही न बदलता फोल्डर बंद होतं. शिवाय ‘सेट ट्रॅश’ला कचऱ्याचं फोल्डर द्या, म्हणजे पुसलेली मेल आधी तिकडं जाईल. जीमेलला ते ‘[जीमेल]/ट्रॅश’ असतं.

मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं

दुसरी लाडकी चूक. मराठी मेल उघडली की प्रश्नचिन्हं नाहीतर तिरकी रेघ आणि तीन-तीन आकडे दिसतात, आणि लोक पहिलं काम करतात ते मटआरसीत ‘सेट कॅरसेट=यूटीएफ-८’ लिहिण्याचं. नका लिहू. हे सेटिंग तुमचं टर्मिनल अक्षरांच्या कोणत्या संकेतात बोलतं ते सांगतं आणि मट ते लोकेलवरून (सिस्टिमच्या भाषा-लिपीच्या सेटिंगवरून) स्वतःच ओळखतो. लोकेल ‘सी’ असताना वरून यूटीएफ-८ लादलं, तर मट एक समजतो आणि खालची लायब्ररी दुसरंच. स्क्रीन फाटते ती तिथं.

बाहेर येऊन ‘लोकेल’ ही आज्ञा द्या. ‘एलसी_सीटाइप’च्या ओळीत यूटीएफ-८ आहे का बघा. नसेल तर डेबियन-उबुंटूवर ‘एक्स्पोर्ट लँग=सी.यूटीएफ-८’ बॅशआरसीत (शेलच्या सेटिंगांच्या फाइलीत) लिहिलं की बहुतेकांचं काम होतं, काही जनरेट करावं लागत नाही. तरी फरक पडला नाही तर कुठं ‘एलसी_ऑल=सी’ पडलेलं आहे का शोधा. ते असलं की लँगला कुणी विचारत नाही. टीमक्समध्ये (टर्मिनलची सत्रं चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) असाल तर ‘टीमक्स -यू’नं सुरू करा.

घरी बरोबर आणि कॉलेजच्या सर्व्हरवर एसएसएचनं गेल्यावर बिघाड, असं असेल तर तुमच्या लॅपटॉपनं पाठवलेलं लोकेल त्या सर्व्हरवर बसवलेलंच नाही. तिथं ‘लोकेल -ए’नं यादी बघा आणि तिच्यातलं यूटीएफ-८चं एखादं निवडा.

वाचताना दिसलेला गोंधळ तरी आपल्यापुरता असतो. याच अवस्थेत मराठीत मेल लिहून पाठवली, तर ती ‘अननोन-८बिट’ अशा शिक्क्यानं जाते आणि समोरच्याला कचरा दिसतो. म्हणून पाठवायला वाय दाबण्याआधी पाठवणीच्या पडद्यावर खालची जोडण्यांची ओळ वाचायची सवय लावा. मजकुराच्या पुढं ‘यूटीएफ-८’ दिसलं पाहिजे. आपलं सगळं नीट असून एखादीच आलेली मेल बिघडलेली दिसत असेल, तर पाठवणाऱ्यानं संकेत चुकीचा लिहिलाय. कंट्रोल-ई दाबून त्या मेलपुरता कॅरसेट बदलून बघा.

वेलांट्या-काने इकडेतिकडे सरकणं हा मात्र टर्मिनलचा दोष आहे. त्यासाठी मटआरसी उकरू नका. कन्सोल किंवा एमएलटर्म या टर्मिनलांमध्ये उघडून बघा.

पासवर्ड

जीमेलचा नेहमीचा पासवर्ड मटमध्ये चालत नाही. २०२२पासून ती वाट बंद आहे. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा आणि १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढा. तो चार-चार अक्षरांच्या गटांत दिसतो. मधल्या जागांसकट, अवतरणाशिवाय चिकटवला तर मट पहिली चार अक्षरंच पासवर्ड समजतो आणि पुढच्यावर कुरकुरतो. जागा काढून टाका. इतर सेवेचा पासवर्ड असेल आणि त्यात डॉलरचं चिन्ह असेल तर एकेरी अवतरण वापरा, दुहेरीत मट त्याला व्हेरिएबल समजतो.

आणि पासवर्ड मटआरसीत उघडा ठेवून ती फाइल गिटहबवर चढवणाऱ्यांना काय बोलावं! वेगळ्या फाइलीत ठेवा, ती जीपीजी या कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रामनं बंद करा आणि मटआरसीत ‘सोर्स’पुढं अवतरणात ‘जीपीजी -डीक्यू फाइलीचं नाव |’ लिहा. शेवटची उभी रेघ विसरलात तर मट त्या नावाची फाइलच शोधत बसेल.

वीज गेली, मेलही गेली

उन्हाळ्यात आपल्याकडं वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि मट लिहितानाचा मजकूर ठेवतो तो /टेम्पमध्ये. फेडोरा, आर्च, डेबियन १३वर नव्यानं बसवलेल्या सिस्टिमचा /टेम्प रॅममध्ये असतो. डेस्कटॉप बंद पडला की अर्धं पत्र गेलं. घरच्या फोल्डरात एक डिरेक्टरी स्वतः तयार करा आणि ‘सेट टेम्पडिर’ला तिचा पत्ता द्या. विम हा एडिटर वापरत असाल तर त्याची स्वॅप फाइलही (न साठवलेला मजकूर राखणारी) तिथंच पडते. वीज आल्यावर त्या डिरेक्टरीत ‘मट-’नं सुरू होणारी फाइल शोधून ‘विम -आर’नं उघडा. लांब मेल असेल तर मधेच एडिटरमधून बाहेर येऊन मोठा पी दाबून मसुद्यांत टाका. सर्व्हरवर लिहिताना टीमक्स लावाच, मग नेट तुटलं तरी सत्र जिवंत राहतं.

बाकीच्या किरकोळ

मेल पाठवायच्या एसएमटीपीचं पोर्ट: ५८७ला ‘एसएमटीपी’, ४६५ला ‘एसएमटीपीएस’. ४६५ला नुसतं एसएमटीपी लावलं की पडदा थिजून बसतो, आणि लोक नेटला शिव्या देतात.

जीमेलमध्ये पाठवलेली मेल दोनदा दिसते? त्यांचा सर्व्हर स्वतः प्रत ठेवतो. ‘सेट कॉपी=नो’ करा.

आर म्हणजे एकाला उत्तर, जी म्हणजे सगळ्यांना. पाठवण्याआधी ‘टू’ आणि ‘सीसी’ वाचा.

एचटीएमएल मेल कोरी दिसते, तर मेलकॅपमधल्या (कोणता प्रकार कशानं उघडायचा ते सांगणाऱ्या फाइलीतल्या) डब्ल्यू३एम ब्राउझरच्या ओळीच्या शेवटी ‘कोपियसआउटपुट’ नसणार. तो शब्द नसेल तर ऑटो_व्ह्यू त्या ओळीकडं बघतही नाही.

फोल्डर उघडायला दर वेळी पाच मिनिटं लागत असतील तर ‘हेडर_कॅश’ (मेलच्या मथळ्यांचा साठा) लावा. आधी डिरेक्टरी तयार करा, नंतर सेटिंग. उलट केलंत तर त्या नावाची एकच फाइल तयार होते आणि सगळ्या फोल्डरांचा कॅश तिच्यात कोंबला जातो.

जोडणी विसरणाऱ्यांसाठी ‘अबॉर्ट_नोअटॅच’ला ‘आस्क-येस’ द्या. पण त्याचा मूळ नमुना इंग्रजी ‘अटॅच’ शोधतो. ‘सोबत बिल जोडले आहे’ असं लिहून बिल न जोडता पाठवलंत तर तो गप्पच बसणार. ‘अबॉर्ट_नोअटॅच_रेगएक्स्प’मध्ये ‘अटॅच’च्या जोडीला ‘सोबत’ आणि ‘जोड’ हे मराठी शब्द उभ्या रेघेनं जोडून टाका. हे दोन शब्द मात्र फाइलीतही देवनागरीतच.