कॉलेजच्या ग्रुपवर कोण कसं बोलतं? चॅटचा अभ्यास असा करा

मित्रांच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाबद्दल एक मत पक्कं झालेलं असतं. हा दिवसभर ऑनलाइन, ती सगळं वाचते पण बोलत नाही, तो मध्यरात्रीनंतरच जागा होतो. ही मतं कितपत खरी आहेत, हे त्याच ग्रुपच्या चॅटवरून तपासता येतं. कोडिंग यायलाच हवं असं नाही, साधी स्प्रेडशीट पुरते. पण सर्वात जास्त मेसेज कुणाचे, एवढंच मोजून थांबलात तर ग्रुपबद्दल फारसं काही कळणार नाही. कुणी विषय काढला, कुणी उत्तर दिलं आणि कुणाचं बोलणं अनुत्तरित राहिलं, हे बघितलं की ग्रुप कुणामुळे चालतो ते दिसायला लागतं.

पायरी १ : आधी परवानगी

चॅट एक्स्पोर्ट केल्याचं व्हॉट्सॲप इतरांना कळवत नाही, म्हणून विचारण्याची जबाबदारी पूर्णपणे तुमची. काय मोजणार, निकाल कोण बघणार आणि फाइल कधी डिलीट करणार, हे ग्रुपवर स्पष्ट लिहा. कुणी नको म्हणालं तर त्या व्यक्तीचे मेसेज मोजणीतून काढा, कारण विचारू नका. हा अभ्यास कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी असेल तर संशोधनाच्या परवानगीचे नियम मार्गदर्शकांना आधीच विचारून घ्या.

पायरी २ : एकच प्रश्न निवडा

‘आमच्या सवयी कशा आहेत?’ हा प्रश्न मोजता येत नाही. ‘परीक्षेच्या महिन्यात आमच्या गप्पांची वेळ बदलते का?’ हा येतो. ‘गप्पांना सुरुवात कोण करतं?’ हाही येतो. प्रश्न आधी कागदावर लिहा. आकडे बघून मग प्रश्न शोधायला गेलात तर हवं ते उत्तर सापडतंच.

पायरी ३ : फाइल मिळवा

व्हॉट्सॲपच्या ग्रुप सेटिंगमधून ‘एक्स्पोर्ट चॅट’ निवडा आणि मीडिया वगळा. हाती एक टेक्स्ट फाइल येते. ग्रुपमध्ये ‘ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ सुरू असेल तर एक्स्पोर्ट होणार नाही. ही सोय २०२५ मध्ये आली. ती कुणी मुद्दाम सुरू केली असेल तर बंद करा म्हणून गळ घालू नका. टेलिग्रामवर गप्पा होत असतील तर त्याच्या डेस्कटॉप ॲपमधून चॅट काढता येतं.

पायरी ४ : साफसफाई

सर्वात जास्त वेळ इथेच जातो आणि घाई केली तर पुढचं सगळं चुकतं. फाइलमधल्या ओळीत तारीख, वेळ, नाव आणि मेसेज असतो. त्यांचे चार वेगळे कॉलम करा. पण मेसेज एकापेक्षा जास्त ओळींचा असेल तर पुढच्या ओळींना तारीख नसते. त्या आधीच्या मेसेजला जोडाव्या लागतात. ‘अमुक जण ग्रुपमध्ये आला’, ‘ग्रुपचं नाव बदललं’ या ओळी कुणाचे मेसेज नाहीत, त्या काढून टाका. डिलीट केलेले मेसेज आणि मीडियाच्या जागी आलेल्या खुणा ठेवा, पण वेगळ्या मोजा.

शीट वेळेला मजकूर समजत असेल तर आकड्यांनंतर डोळ्यांना न दिसणारी अरुंद स्पेस आहे का ते बघा. फाइंड अँड रिप्लेस वापरून तिथे साधी स्पेस घाला. तारखेत दिवस आधी आहे की महिना, हेही एकदा तपासा, कारण ते फोनच्या सेटिंगवर ठरतं. शेवटी खऱ्या नावांच्या जागी क, ख, ग अशी अक्षरं घाला. मेसेजमध्ये कुणाला नावाने हाक मारली असेल तर तीही बदला.

पायरी ५ : मोजणी

पिव्हट टेबलमध्ये (स्प्रेडशीटमधली, नोंदी गटवार मोजून देणारी सोय) व्यक्तीनुसार मेसेज आणि तासानुसार मेसेज आधी काढा. हे दहा मिनिटांचं काम. खरी मजा त्यानंतर आहे. समजा, चॅट असं आहे:

९.०२ क : उद्या लेक्चर आहे का?
९.०२ क : की रद्द?
९.०३ क : सांगा ना कुणीतरी
९.४० ख : रद्द आहे

मेसेजच्या हिशेबात क तीन, ख एक. पण क ने एकच प्रश्न तुकड्यांत विचारला आणि ख ने ग्रुपचं काम केलं. म्हणून एकाच व्यक्तीचे लागोपाठचे मेसेज मिळून एक ‘पाळी’ धरा आणि पाळ्या मोजा. मग एक सीमा ठरवा, उदाहरणार्थ दोन तास कुणीच बोललं नाही तर पुढचा मेसेज म्हणजे नव्या गप्पांची सुरुवात. ही सीमा तुमच्या ग्रुपच्या वेगावर ठरते, तेव्हा एक तास आणि चार तास घेऊनही निकाल बदलतो का ते बघा.

उत्तराला लागणारा वेळ मोजताना सरासरी घेऊ नका. पाच उत्तरं २, ३, ४, ५ आणि ४८० मिनिटांनी आली तर सरासरी जवळजवळ ९९ मिनिटं येते. ती व्यक्ती एकदा झोपली होती, एवढंच. चढत्या क्रमाने लावून मधली किंमत घ्या : ४ मिनिटं. तिचा स्वभाव यात नीट दिसतो.

पायरी ६ : शब्दांकडे बघा

मराठी मेसेज देवनागरीत आणि रोमन लिपीत मिसळून येतात, आणि रोमनमध्ये ‘नाही’ची स्पेलिंग माणसागणिक वेगळी. त्यामुळे शब्द मोजण्याआधी अशा जोड्यांची यादी हाताने करा. तरुण मुलं सगळं तोडूनमोडून लिहितात, हा समजही तपासून बघा. ब्रिटनमधल्या कार्डिफमध्ये भाषेचे अभ्यासक क्रिस्पिन थर्लो यांनी विद्यार्थ्यांचे ५४४ एसएमएस तपासले होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एका मेसेजमागे साधारण तीनच संक्षेप निघाले, म्हणजे मजकुराच्या २० टक्क्यांहूनही कमी.

पायरी ७ : निकाल दाखवणं

एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये मेसेजवरच्या रिॲक्शन येत नाहीत. जी मैत्रीण प्रत्येक मेसेजला बदाम देते, ती तुमच्या तक्त्यात गप्प दिसेल. खाजगी चॅटमध्ये दिलेला आधारही इथे नाही. म्हणून ‘सर्वात कमी बोलणारे’ अशी क्रमवारी ग्रुपवर टाकू नका. एकूण ग्रुपचे तक्ते सगळ्यांना दाखवा, व्यक्तीचा आकडा फक्त त्या व्यक्तीला पाठवा आणि ‘तुला हे बरोबर वाटतं का?’ असं विचारा. ख म्हणेल की त्या महिन्यात फोन बिघडला होता. ती नोंद तक्त्याखाली लिहा. मग मूळ फाइल डिलीट करा, ईमेलमधली अटॅचमेंट, ड्राइव्हवरची प्रत आणि ट्रॅशसकट.